पालथं घड्याळ

आमच्या कारखान्यात नवा माणूस आला की जुने लोक त्याला एकदा तरी भाऊंकडे वेळ विचारायला पाठवायचे. भाऊ टूलरूममध्ये लेथवर उभे असायचे आणि त्यांच्या बरोबर समोरच्या भिंतीवर भलंमोठं घड्याळ होतं. नवा माणूस त्या घड्याळाकडे पाठ करून उभा राहायचा आणि विचारायचा, भाऊ, किती वाजले? भाऊ हातातलं काम थांबवायचे, घड्याळाकडे नीट बघायचे, मग त्या माणसाकडे बघायचे आणि म्हणायचे, "खात्री न्हाई." मागे कुठेतरी हसण्याची खसखस पिकायची आणि नवा माणूस खुळ्यासारखा परत यायचा.

मलाही पाठवलं होतं. माझी नेमणूक क्वालिटीत झाली होती, डिप्लोमाची शाई अजून वाळायची होती आणि नाकाच्या शेंड्यावरचा राग मी लोणावळ्याहून येतानाच बरोबर आणला होता. मी म्हटलं, "समोर घड्याळ आहे ना?"

"हाय की," भाऊ म्हणाले. "पर ते बराबर हाय का न्हाई, कुनी तपासलंय?"

मी तणतणत निघाले. जिना चढेपर्यंत माझ्या लक्षात आलं की हाच प्रश्न दिवसभर दुसऱ्यांना विचारायचा मला पगार मिळतो. तरीही त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं की आमच्याकडे एक वेडा माणूस आहे. पुढे सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. वेडे होते हे माझं मत मी बदललं नाही. वेड कशाचं होतं, ते मात्र मला फार उशिरा कळलं.

माझी खोली म्हणजे स्टँडर्ड रूम. बारा महिने गार. बूट दाराशी काढायचे, आत मोजायची यंत्रं. टूलरूममध्ये बनलेला प्रत्येक तुकडा माझ्याकडे यायचा. मापात असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल. तीस-तीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसांना काल आलेल्या पोरीनं लाल चिठ्ठी लावलेली कशी खपेल? कुणी मशीनला दोष द्यायचं, कुणी माझ्या मायक्रोमीटरला. एकाने तर माझ्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं होतं. मीही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हते, त्यामुळे पहिलं वर्ष भांडणातच गेलं.

भाऊ तेवढे वेगळे. लाल चिठ्ठी ते हातात घेऊन शेवटच्या आकड्यापर्यंत वाचायचे. मग खाली सही करायचे, तीही आडनाव आणि गावाच्या नावासकट, जणू खरेदीखतच आहे. "बराबर हाय, मॅडम," म्हणायचे आणि दुसरा तुकडा करायला जायचे. खोलीच्या उंबऱ्याच्या आत मी मॅडम आणि बाहेर ताई, असा त्यांनी आपला आपण नियम केला होता. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, पण उंबरा ओलांडताना ते एकदाही चुकले नाहीत.

'अंदाजे' हा शब्द त्यांना सोसायचा नाही. कुणी "अंदाजे पाच किलोमीटर" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांच्या घरापासून बेगडेवाडी स्टेशन किती लांब, असं विचारलं तर ते विजेचे खांब सांगायचे. बावन्न. कारण तेवढे त्यांनी मोजले होते. मनगटाला घड्याळ नाही, मोबाईल वापरायचे पण त्यातली वेळ बघायचे नाहीत, त्यामुळे सोमाटणे फाट्यावर कंपनीची बस यायच्या अर्धा तास आधीच सायकल लावून उभे असायचे. बस किती वाजता येते, असं विचारलं तर म्हणायचे, मी आल्यावर येती.

गावच्या जत्रेला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. तिथे त्यांच्या पत्नी, आमच्या मावशी, माझ्या शेजारी पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं ह्यांनी मला एकदा बी येळ सांगितली न्हाई. दूध उतू गेलं तरी म्हनत्यात खात्री न्हाई." सगळे हसले. भाऊही हसले, पण लगेच उठून वाढायला लागले.

असा माणूस खिशात घड्याळ बाळगून असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. एका दुपारी ते बूट काढून आत आले, शर्टाच्या खिशातून कापराची डबी काढली आणि माझ्या टेबलावर उघडली. आत मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं मनगटी घड्याळ. चावीचं, स्विस बनावटीचं, तबकडी पिवळी पडलेली, पट्टा कधीच गेलेला. वडिलांचं, म्हणाले. मी हातात घेऊन बघितलं आणि सहज बोलून गेले की बंद असलं म्हणून काय झालं, नवा पट्टा लावून बांधा की, आजकाल पोरं शोभेला बांधतात.

भाऊंनी घड्याळ माझ्या हातातून काढून घेतलं. "बंद घड्याळ मनगटावर बांधनं म्हंजे हातानं खोटं बोलनं," ते म्हणाले.

त्यांची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती आणि तेवढ्यात त्यांना ते घड्याळ चालू करायचं होतं. का, तर नंतर लेथ मिळणार नाही. मला काही समजेना. घड्याळ आणि लेथ यांचा काय संबंध? मग त्यांनी सांगितलं. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दोन दुकानांच्या मधल्या बोळकांडीत एक म्हातारे चाचा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी ते उघडून बघितलं होतं. घड्याळाचा सगळा जीव एका चाकात, ते सतत मागेपुढे डोलतं. त्या चाकाच्या मधोमध पोलादाचा दांडा असतो, त्याला स्टाफ म्हणतात. तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि त्याच्या दोन्ही टोकांना केसासारखे सुळके. त्या सुळक्यांवर चाक फिरतं. भाऊंच्या घड्याळातला एक सुळका तुटला होता, आणि त्या बनावटीचा स्टाफ कित्येक वर्षांत बाजारात आलेला नव्हता. पुण्यातल्या दोन दुकानदारांनी आतलं सगळं काढून बॅटरीचं मशीन बसवून द्यायची तयारी दाखवली होती.

"मेलेल्या रेडकात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करत्यात, तसलं नको मला," भाऊ म्हणाले. चाचांनी मात्र सांगितलं होतं की स्टाफ कुणी घडवून आणला तर चाक बसवून द्यायचं काम माझ्याकडे लागलं. मी म्हटलं, एखाद्या मोठ्या कारागिराला द्या. त्यावर भाऊ एवढंच म्हणाले की मोडलं ज्यानं, करायचं त्यानं. मला ती एखादी म्हण वाटली. त्यांच्या बोलण्यात अशा म्हणी बऱ्याच असायच्या.

टूलरूमच्या कोपऱ्यात एक लहानसा टेबलावरचा लेथ धूळ खात पडला होता. भाऊंनी मॅनेजरकडून लेखी परवानगी घेतली. कामाच्या वेळेतलं एक मिनिट खर्ची घालायचं नाही, फक्त जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास. त्यासाठी आठ महिने ते भाकरी सकाळी बसमध्येच खायचे. कंपनीचं पोलादही नको. मग आणायचं कुठून? मावशी गोधड्या शिवायच्या. त्यांच्या डब्यातल्या जाड दाभणी एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या. दाभणीचं पोलाद चांगलं कडक, भाऊ ते बेतानं तापवून निळं करायचे आणि हातात बारीक हत्यार धरून कातायला बसायचे. जत्रेनंतर मावशी मला एकदा बसस्टॉपवर भेटल्या तेव्हा त्यांची एक गोधडी अर्धी राहिलेली होती आणि त्याचं खापर त्यांनी माझ्यावर फोडलं. म्हणाल्या, तू पास कर की बाई एखादा, माझ्या दाभणी संपल्या.

पास करणं माझ्या हातात होतं खरं. सुळक्याची जाडी मिलिमीटरच्या शंभर भागांतले अकरा भाग. त्यात चूक चालणार फार तर दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले दोन. माझ्याकडे एक यंत्र होतं, त्यात तुकडा ठेवला की पडद्यावर त्याची शंभरपट मोठी सावली पडायची. केसासारखा सुळका तिथे करंगळीएवढा दिसायचा आणि भाऊ आणि मी दोघं त्या सावलीपुढे उभे राहायचो. पहिला स्टाफ तीस मायक्रॉनने जाड निघाला. दुसऱ्याचा सुळका कातताना तुटला. तिसऱ्याचा खांदा तिरका. प्रत्येकाला लाल चिठ्ठी हवी, असा भाऊंचा आग्रह. कंपनीचं काम नाही म्हणून मी नुसतं तोंडी सांगितलं तर त्यांना राग यायचा. नापास झालेले स्टाफ ते होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवायचे आणि चिठ्ठ्या रबराने बांधून कपाटात.

टूलरूममध्ये या प्रकाराची भरपूर टिंगल झाली. भाऊंची बाटली भरत आली का, असं रोज कुणीतरी विचारायचं. भाऊ शांतपणे आकडा सांगायचे. अठरा. एकोणीस. एकदा मीच वैतागून म्हटलं की भाऊ, सोडा आता, काय अडलंय? ते म्हणाले, "अडलंय म्हनून तर करतोय, ताई." आम्ही उंबऱ्याबाहेर होतो.

आता मला जे सांगायचंय ते माझ्या बाजूनं फारसं चांगलं नाही.

विसाव्यापर्यंतचे स्टाफ नापास झाले तरी त्यांत एक शिस्त होती. जाडी जास्त असली तर सुळका मुळापासून टोकापर्यंत सारखाच जाड असायचा. हात पक्का होता, माप सापडत नव्हतं, एवढंच. पंचविसाव्यानंतर वेगळं दिसायला लागलं. सुळका मुळाशी जाड, टोकाला बारीक, मधे कुठे लाट. माप जवळ येत होतं आणि हात सुटत होता. मी चिठ्ठ्यांचे आकडे एकाखाली एक लिहून बघितले, तेव्हा शंकाच उरली नाही. भाऊंचा उजवा हात कापायला लागला होता. चहाचा कप धरताना दिसायचं नाही, सही करताना दिसायचं नाही. जगात फक्त माझ्या पडद्यावर दिसत होतं.

मी बोलले नाही. वरच्यांना कळलं असतं तर भाऊंना लेथवरून काढून कुठेतरी बसवून ठेवलं असतं, ही एक भीती. आणि चाळीस वर्षं ज्या हातावर माणूस जगला तो हात गेला हे त्याला मी कोण सांगणार, ही दुसरी. मी रोज लाल चिठ्ठी लिहीत राहिले, पण का चुकतंय ते लिहिलं नाही. मला तेव्हा वाटत होतं की मी फार चांगलं वागते आहे.

छत्तिसावा स्टाफ आला तेव्हा निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. एका सुळक्यात मुळाशी चार मायक्रॉन जास्त होते. भाऊंनी त्या दिवशी चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळे पडद्यावरचं त्यांना धड दिसत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी चाराचा दोन केला आणि हिरवी चिठ्ठी लिहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा मी खोटा आकडा लिहिला, आणि खरं सांगते, लिहिताना मला गहिवरून आलं होतं.

भाऊंनी चिठ्ठी वाचली, सही केली. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याला जाऊन चाचांकडून चाक बसवून आणलं. शुक्रवारी साऱ्या टूलरूमला पेढे वाटले. घड्याळ माझ्या टेबलावर ठेवलं. टिकटिक करत होतं. मला दोन पेढे जास्त दिले आणि मी ते खाल्ले.

सोमवारी ते पुन्हा आले. मनगटावर नवा काळा पट्टा होता, पण घड्याळ वरच्या बाजूला नव्हतं. तबकडी हाताच्या आतल्या बाजूला, नाडीवर. त्यांचे वडील तसंच बांधायचे. लोणावळ्यात दुधाचा रतीब होता. दुधाच्या किटल्या उचलताना काठ लागून काच फुटू नये म्हणून घड्याळ आत. भाऊंनी काही न बोलता तळहात टेबलावर पालथा ठेवला. घड्याळाचं तोंड खाली गेलं. आम्ही दोघं ऐकत राहिलो. थोड्या वेळानं टिकटिक थांबली. त्यांनी हात उलटा केला, तोंड वर आलं, टिकटिक सुरू झाली.

"उतानं चालतं, पालथं थांबतं," ते म्हणाले. "चाचा म्हनले, सुळका मुळाशी जाड हाय, तोंड खाली केलं की अडकतो. मी म्हनलं, असं व्हनार न्हाई, आमच्या मॅडमनी मोजलाय."

त्यांनी खिशातून हिरवी चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. मी तिला हात लावला नाही. मी सांगून टाकलं. चार होते, मी दोन लिहिले. हाताचंही सांगितलं, पंचविसाव्यापासूनचं सगळं. भाऊंनी मला रडायला वेळ दिला नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. सहा वर्षांत ते त्या खोलीत पहिल्यांदा बसले.

त्यांनी जे सांगितलं ते असं. गावात चार भाऊबंदांची एक विहीर होती, तिच्यावर एकच इंजिन, आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आळीत घड्याळ एकट्या त्यांच्या वडिलांकडे, म्हणून कुणाची पाळी कधी सुरू आणि कधी संपली हे तेच सांगायचे. चार घरांत दुसऱ्या कशावरूनही भांडणं झाली, पाण्यावरून कधी झालं नाही. भाऊ एकोणीस वर्षांचे असताना एका रविवारी वडिलांचा डोळा लागला होता. भाऊंनी खुंटीवरचं घड्याळ न विचारता मनगटावर चढवलं आणि मित्रांबरोबर भुशीच्या धरणावर गेले. पायऱ्यांवर पाय घसरला, हात दगडावर आपटला. घरी येऊन गुपचूप घड्याळ खुंटीला लावलं. पहाटे वडिलांनी ते कानाला लावलं, मग पोराच्या सोललेल्या कोपराकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. रोजच्यासारखं घड्याळ बांधलं आणि विहिरीवर गेले.

"दुरुस्तीला दिलं असतं तर मनगट मोकळं दिसलं असतं," भाऊ म्हणाले. "चार मानसांनी इचारलं असतं, काय झालं, कुनी मोडलं. पोराचं नाव निघू नये म्हनून माझा बाप अकरा वर्सं बंद घड्याळ बांधून हिंडला. लोक येळ इचारायचे, तो घड्याळात बघितल्यासारखं करायचा आन उन्हाचा अंदाज घेऊन सांगायचा. मरेपर्यंत. जल्मात खोटं न बोललेला मानूस, माझ्यापायी रोज खोटं बोलला."

 भाऊ उठले.

"माझ्या बापानं माझ्यावर दया केली, ती मी अजून फेडतोय. तुमी आनिक नका करू," ते म्हणाले. "हात कापतोय हे तुमी पंचविसाव्याला सांगितलं असतं, तर मी हातावर भरोसाच ठेवला नसता. हत्यार धरायला जिग केला असता. दोन म्हैने फुकट गेले, मॅडम."

आयुष्यात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ बोल लावले. त्या शेवटच्या 'मॅडम'इतका कुठलाच लागला नाही. कारण ते रागावून म्हणाले नव्हते, आम्ही खोलीत होतो म्हणून म्हणाले होते.

बारा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ लेथवर बसले ते स्टाफ करायला नाही. चार दुपारी खपून त्यांनी लोखंडाचा एक छोटा जिग बनवला, म्हणजे हत्यार धरायचा सांगाडा. त्यात हत्यार आवळून बसायचं, स्क्रू फिरवला की केसाएवढं पुढे सरकायचं. हात फक्त स्क्रूला. तो कापला तरी हत्याराला कळायचं नाही. एवढी साधी गोष्ट आधी का केली नाही, असं एका पोरानं विचारलं. भाऊ म्हणाले, हाताचा माज. टूलरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. वरच्या साहेबांच्या कानावरही त्यांनी स्वतःच घातलं की माझा हात कापतो, उरलेल्या दिवसांत मला मोठं काम देऊ नका.

सदतिसावा मी नापास केला. अडतिसावा, एकोणचाळिसावा, चाळिसावाही. प्रत्येक चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि आकड्याखाली कारणही लिहिलं. दिवस संपत आले होते. शेवटच्या दाभणीचे दोन तुकडे झाले होते आणि त्यातला एक चाळिसाव्याला गेला होता. एक्केचाळिसावा निवृत्तीच्या तीन दिवस आधी आला. मी तो सहा वेळा मोजला, फिरवून फिरवून, मुळाशी, मधे आणि टोकाला. भाऊंनी या वेळी चष्मा लावला होता आणि ते माझ्या तोंडाकडे नाही, पडद्याकडे बघत होते. एक मायक्रॉन जास्त. सगळीकडे एकच. मी हिरवी चिठ्ठी लिहिली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत वाचून गावाच्या नावासकट सही केली. पेढे आणले नाहीत.

निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं आणि कंपनीनं त्यांना भेट काय दिली? भिंतीवरचं घड्याळ. हसू दाबताना आमच्या पोटात दुखायला लागलं. भाऊंच्या मनगटावर आतल्या बाजूला वडिलांचं घड्याळ होतं, उताणं पालथं दोन्ही चालणारं. चाचांनी सकाळीच बसवून दिलेलं. साहजिकच कुणीतरी मोठ्यानं विचारलं, भाऊ, किती वाजले? सगळ्यांनी कान टवकारले. भाऊंनी हात वळवून घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "खात्री न्हाई."

मी चिडलेच. बाहेर गाठून म्हटलं, आता काय राहिलं? ते म्हणाले, आधी एका माणसाला सांगायचं आहे. गुरुवारी घरी या. तपासणीला माणूस लागेल.

त्या गुरुवारी सकाळी मी लोणावळ्याहून लोकलनं बेगडेवाडीला उतरले आणि बावन्न खांब मोजत गेले. बावन्नच होते. मावशींनी चहा दिला, मग भाऊ मला विहिरीवर घेऊन गेले. इंजिनाची खोली पडली आहे, पाळ्या केव्हाच मोडल्या, ज्याच्या त्याच्या बोअरवेल झाल्या आहेत. विहिरीजवळच्या आंब्याखाली बाजेवर एक आबा बसले होते, भाऊंचे चुलते. नव्वदीच्या घरातले. त्या चार वाटेकऱ्यांपैकी हयात असलेले तेवढेच.

भाऊ त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मनगट पुढे केलं आणि सगळं सांगितलं. भुशी, खुंटी, अकरा वर्षं. आपल्या बापानं तुम्हाला अकरा वर्षं खोटी वेळ सांगितली, आणि ती माझ्यामुळं, हे त्यांनी नुसतं सांगितलं, रडले नाहीत. माफीही मागितली नाही. आबा ऐकता ऐकता तोंडातल्या तोंडात काही चघळत होते. मला वाटलं त्यांना ऐकूच आलं नाही.

"ठावं हुतं आमाला," आबा म्हणाले. "घड्याळ आवाज करंना, आंधळ्याला बी कळलं असतं."

"मग बोलला का न्हाई कुनी?"

"का बोलावं?" आबा म्हणाले. "चालू हुतं तवा माझी पाळी बराबर भरायची. बंद पडलं तवापासनं माझी लांबली, समद्यांची लांबली, आन तुझ्या बापाची आखूड झाली. त्याला खात्री नसायची ना. दुसऱ्याचं पानी कमी पडाया नको म्हनून सोताचं इंजिन आदीच बंद करायचा. आमचा फायदाच हुता, आमी कशाला बोलतोय?"

भाऊ माझ्याकडे वळले. म्हणाले की घरच्या मिरचीच्या शेवटच्या चार सऱ्या दर उन्हाळ्यात वाळून जायच्या. लहानपणी जायच्या नाहीत, नंतर जायला लागल्या. त्यांना वाटायचं विहीर आटते.

एवढं बोलून त्यांनी मान फिरवली. चाळीस वर्षं या माणसाला वाटत होतं की आपण बापाला खोटं बोलायला लावलं. त्याच्या बापानं त्या खोट्याची भरपाई रोजच्या रोज आपल्याच रानातून केली होती, आणि ते पोराला कळू दिलं नव्हतं. मला तिथे उभं राहवेना, पण मी तपासणीला आले होते.

"बरं, आता चालतंय न्हवं?" आबांनी विचारलं. "मग सांग की. किती वाजलं?"

भाऊंनी हात वळवला. तबकडी डोळ्यांजवळ नेली. पण उत्तर न देता त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. "तपासा, मॅडम."

घड्याळात बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती. मी मोबाईल काढला. त्यात बारा अठरा. एका क्षणासाठी ते जुनं गहिवरणं पुन्हा आलं. एक मिनिट ते काय, आणि इथे या झाडाखाली मोबाईल बघणार होतं कोण?

"एक मिनिट मागे आहे," मी म्हटलं.

भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी चावी बाहेर ओढली. बोटं कापत होती, त्यांनी ती कापू दिली, मनगट गुडघ्यावर टेकवलं आणि काटा एक मिनिट पुढे घेतला. माझ्या मोबाईलशी ताडून बघितलं. चावी आत दाबली. मग चुलत्याकडे तोंड केलं.

"बारा वाजून अठरा मिंटं, आबा," ते म्हणाले. "खात्री हाय."